गल्ल्यातलं एरर नाणं कसं ओळखायचं आणि त्याचे खरे किती येतात

ऐरोलीहून एका मुलाने विचारलंय. वडिलांचं किराणा दुकान आहे, गल्ल्यात चिल्लर भरपूर येते, आणि व्हिडिओ बघून बघून त्याने तीन नाणी बाजूला काढलीयत. एक पाचचं पिवळं, ज्याचा छापा सरळ धरून नाणं फिरवलं की काटा आडवा येतो. एक दोनचं, ज्यावर सालच नाही. आणि एक दहाचं, मधली चकती निघून गेलेली, नुसती पिवळी रिंग उरलीय. काका, यांचे किती येतील आणि अशी अजून कशी शोधायची, असा प्रश्न.

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. पाचचं नाणं खरं एरर आहे, म्हणजे टाकसाळीत बनतानाच चुकलेलं, ठेव. दोनचं बहुतेक एरर आहे पण त्याला फारसं कोणी विचारणार नाही. दहाची रिंग म्हणजे तुटलेलं नाणं, त्याचे दहा रुपयेसुद्धा हातात येणार नाहीत. आणि लाखाचा आकडा डोक्यातून काढून टाक, चालू चिल्लरमधून लाखाचं नाणं काढणारे लोक व्हिडिओतच भेटतात, मी इतकी वर्षं ठाण्यात राहून फोर्टला नाण्यांच्या मागे फिरतोय, प्रत्यक्ष भेटलेला एकही नाही.

आता हे मी फोटो बघून कसं सांगितलं ते. टाकसाळीत नाणं बनतं कसं हे एकदा समजलं ना, की निम्मे व्हिडिओ आपोआप खोटे दिसायला लागतात. धातूची लांब पट्टी येते, तिच्यातून पंचने गोल चकत्या कापतात, त्या भट्टीत तापवून नरम करतात, साफ करतात, कड थोडी वर उचलून घेतात, आणि मग ती कोरी चकती प्रेसमध्ये जाते. प्रेसमध्ये एक डाय म्हणजे डिझाईन खोदलेला ठसा खाली, एक वर, आणि चकतीच्या भोवती एक कडं, त्याला कॉलर म्हणतात. एक दणका बसतो, दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात, धातू बाहेरच्या बाजूला पसरायला बघतो पण कॉलर त्याला अडवते म्हणून नाणं बरोबर मापाचं निघतं. हे सगळं मिनिटाला शेकडो नाण्यांच्या वेगाने चालतं. म्हणजे चूक व्हायला जागा मोजून तीन. चकतीत चूक, डायमध्ये चूक, नाहीतर दणका बसताना चूक. नाणं हातात आलं की मी एवढंच विचारतो, हे यातल्या कुठल्या पायरीला बिघडलं? सांगता आलं तर पुढे बघायचं. नाही सांगता आलं तर ते टाकसाळीबाहेर बिघडलेलं आहे, रस्त्यावर, रेल्वेच्या रुळावर, गॅसवर किंवा कोणाच्या तरी वर्कशॉपमधल्या वाईसमध्ये, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या लोखंडी पकडीत.

तुझं पाचचं घेऊ. आपली आत्ताची नाणी अशी असतात की सिंहाची बाजू सरळ धरायची, वरची आणि खालची कड दोन बोटांत पकडायची आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं आडवं फिरवायचं, की मागची बाजूपण सरळच यायला हवी. तुझ्या नाण्यावर पाचचा आकडा घड्याळातल्या तीनकडे डोकं करून पडलाय म्हणजे जवळपास ९० अंश फिरलेला. याला रोटेटेड डाय म्हणतात, बाजारात डाय रोटेट नाहीतर नुसतं रोटेट म्हटलं तरी समजतात. प्रेसमधली एक डाय आवळलेली असते ती सैल होते आणि दणक्यागणिक थोडी थोडी फिरत जाते. हे बाहेरून कोणी करू शकत नाही म्हणून ते खरं. पण इथेच त्याची किंमतपण ठरते, कारण डाय सैल झाली आणि मिनिटाला शेकडो नाणी पडतायत तर कोणाच्या लक्षात येईपर्यंत तशी हजारो नाणी पोत्यात गेलेली असतात. म्हणून रोटेट हे आपल्याकडचं सगळ्यात जास्त सापडणारं एरर आहे. दहा-पंधरा अंश फिरलेलं तर मी बघतपण नाही, तेवढं इकडेतिकडे चालतंच. ९० चांगलं, १८० म्हणजे पूर्ण उलटं आणखी चांगलं, दोन्ही शंभर ते तीन-चारशेच्या आसपास विकली जातात, कोरं करकरीत असेल तर थोडं वर. हा माझा अंदाज आहे, रेट कार्ड नाही, समोरचा गिऱ्हाईक कोण त्यावर खूप अवलंबून.

कोन डोळ्यांनी सांगू नको, शाळेतला कोनमापक घे. फोटो काढताना लोक नाणं हातात थोडं तिरकं धरतात आणि ३० चे ९० करतात, घेणारा हे ओळखून असतो.

दोनचं साल नसलेलं नाणं. डायवर आकडे खोदलेले असतात, त्या खाचेत ग्रीस आणि धातूची भुकटी साचत जाते, मग तिथे धातू शिरत नाही आणि आकडा उमटत नाही. याला फिल्ड डाय म्हणतात. खरं असेल तर सालाच्या जागेवरचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच दिसतो, तोच चकाकीचा पोत, आणि बाजूची अक्षरंपण बहुतेक वेळा अर्धवट पुसट असतात कारण ग्रीस काही मोजून सालापुरतं थांबत नाही. घासलेलं असेल तर दहा पटीच्या भिंगातून एकाच दिशेचे ओरखडे दिसतात आणि जागा किंचित खोल लागते. तुझ्या फोटोत ओरखडे दिसत नाहीत म्हणून मी बहुतेक म्हटलं. पण किंमत म्हणशील तर चाळीस-पन्नास रुपये कोणी दिले तर देऊन टाक. नाणी जमवणाऱ्याला साल हवं असतं, तेच नसेल तर तो नाणं अल्बममध्ये कुठे लावणार?

हे बिनसालाचं खूळ आलं कुठून तेपण सांगतो. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नाण्याचं डिझाईन बदललं, साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेलं, आणि बदलाच्या गडबडीत जुनी राणीची बाजू आणि नवीन मागची बाजू अशा डाय एका प्रेसमध्ये लागल्या, दोन्हींवर साल नाही. बिनसालाची नाणी चलनात गेली आणि गाजली. दोन न जुळणाऱ्या डायचं नाणं म्हणजे म्यूल, खेचर. ते प्रकरण पूर्ण वेगळं आहे, तिथे साल खोदलेलंच नव्हतं, तुझ्याकडे ग्रीसने खाल्लंय. व्हिडिओवाले दोन्ही एकत्र करून सांगतात.

दहाची रिंग. दहाच्या नाण्यात बाहेरची पिवळी रिंग आणि मधली पांढरी चकती हे दोन वेगळे तुकडे असतात, ते एकात एक ठेवून दणका मारतात आणि त्या दणक्यानेच ते एकमेकांत घट्ट बसतात. आता विचार कर, मधली चकती नसतानाच दणका बसला असता तर रिंगचा धातू आतल्या मोकळ्या जागेत पसरला असता ना? भोकाची कड आत फुगलेली, गुळगुळीत, थोडी वेडीवाकडी झाली असती. तुझ्या रिंगची आतली कड सरळ उभी आहे आणि तिथे चकती बसल्याची खाच स्पष्ट दिसतेय. म्हणजे नाणं नीट बनलं आणि नंतर कोणीतरी ठोकून मधला भाग पाडला, पोरांचा आवडता उद्योग आहे हा. खरं एरर असतं ते मधली चकती सरकून रिंगच्या डोक्यावर चढलेली आणि त्या चढलेल्या भागावरपण डिझाईन उमटलेलं, ते मिळालं तर मला लगेच फोन कर. वीसच्या नाण्याला हाच हिशेब, फक्त तिथे रंग उलटे, बाहेर पांढरं आत पिवळं, आणि ते बारा बाजूंचं आहे, गोल नाही, कोपरे आहेत म्हणून एरर समजू नको. हसू नको, घेऊन आलेत लोक.

आता शोधायचं कसं. गल्ला उलटा करून एकेक नाणं भिंगाखाली घेतलंस तर दोन दिवसात कंटाळशील. रात्री दुकान बंद झाल्यावर प्रकारवार ढीग कर. मग एकाच प्रकारची वीस-पंचवीस नाणी एकावर एक रचायची आणि बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून बघायचं. जाड, बारीक, बाहेर आलेलं, आत गेलेलं, कड तुटलेलं लगेच डोळ्यात भरतं. त्यानंतर सगळी सिंह वर करून सरळ ओळीत लावायची आणि एकेक आडवं फिरवत जायचं, रोटेट असेल ते ओळीत वेगळं दिसतं. एवढ्याने सुटलेलं जे राहील ते भिंगातलं एरर आणि भिंगातल्या एररला आपल्याकडे गिऱ्हाईक जवळजवळ नाही, त्यामुळे सुटलं तर सुटलं.

भिंगापेक्षा महत्त्वाची वस्तू वजनकाटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा सोनारी काटा मिळतो, तो घे. कारण सगळ्यात महागडी एरर चकतीची असतात आणि ती वजनावरच सिद्ध होतात, एका नाण्याची डिझाईन दुसऱ्या नाण्याच्या चकतीवर. पण इथे नवीन माणूस हमखास फसतो कारण आपल्या सरकारने मापं सारखी बदललीयत. एक रुपयाचं बघ, ९२ नंतरचं स्टीलचं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, २०११ पासूनचं साधारण २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, आणि २०१९ पासूनचं २० मिलिमीटर, ३.०९ ग्रॅम. तिन्ही आज तुझ्या गल्ल्यात एकत्र नांदतायत. मला दर महिन्याला कोणीतरी छोटा रुपया पाठवतो, पन्नास पैशाच्या चकतीवर छापलाय म्हणून. नाही रे बाबा, मापच तेवढं आहे. आणि मजा म्हणजे २०११ चं दोनचं नाणंसुद्धा २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमच आहे, जुन्या रुपयाएवढंच, त्यामुळे ते चुकून जुन्या रुपयाच्या चकतीवर पडलं असतं तरी देवालापण ओळखता आलं नसतं.

पाचचं जुनं जाड पांढरं २३ मिलिमीटर ९ ग्रॅम, त्याच मापाचं नंतरचं पातळ ६ ग्रॅम, आणि २०१९ चं २५ मिलिमीटर ६.७४ ग्रॅम. अकरा बाजूंचं जुनं दोनचं २६ मिलिमीटर ६ ग्रॅम. दहाचं २०१९ चं ७.७४, वीसचं ८.५४, दोन्ही २७ मिलिमीटर. हे एका कागदावर लिहून काट्याला चिकटव. दहा-वीस मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तर झिजेचं असतं, अर्धा ग्रॅम गेला तर नाणं बाजूला काढ. लोहचुंबकपण जवळ ठेव, स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात कारण त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असतं, जुनी तांबं-निकेलची चिकटत नाहीत आणि पिवळं पाचचंपण चिकटत नाही. पिवळं पाच चिकटलं तर दोन शक्यता, एक तर भारी एरर नाहीतर बनावट. बनावट पाच आणि दहा बनवणारे देशात पकडले गेलेत, ते नाणं एरर म्हणून विकायला जाऊ नको, माहीत असून बनावट नाणं चालवणं गुन्हा आहे. अक्षरं बुळबुळीत, कड बोथट, टाकल्यावर आवाज बद्द, अशी खूण.

काय सापडू शकतं ते पटापट सांगतो. कट म्हणजे चकती कापतानाच पंच आधीच्या भोकावर थोडा चढला आणि कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गेला. हे कानसने घासूनपण करतात लोक, म्हणून बरोब्बर समोरची कड बघायची, खऱ्या कटमध्ये समोरची कड कमजोर, पुसट असते कारण कड उचलायच्या मशीनमध्ये त्या बाजूला दाबच नीट मिळत नाही. शिवाय कटजवळची अक्षरं कटकडे ओढल्यासारखी पसरलेली असतात. घासलेल्यात अक्षर मधूनच चिरलेलं असतं, हे एकदा बघितलं की परत कोणी फसवू शकत नाही.

ऑफ सेंटर म्हणजे चकती नीट बसायच्या आतच दणका, एका बाजूला कोरी कोर राहते. ५ टक्के सरकलेलं किरकोळ, तीस ते साठ टक्के सरकलेलं आणि वर साल दिसतंय असं असेल तर ते नाणं माणूस शोधत येतो, चार आकडी जाऊ शकतं. कॉलर न लागता पडलेलं नाणं पसरून मोठं आणि पातळ होतं, कड सपाट. रुळावर ठेवून चपटं केलेलंपण पसरतं, आणि ठाणे ते कळवा रुळांच्या कडेने राहणाऱ्या पोरांनी अशी किती बनवलीयत त्याचा हिशेब नाही, फरक असा की रुळाखालच्या नाण्यात डिझाईनपण लांबुळकं होतं आणि चिरडतं, खऱ्यात डिझाईन आपल्या मापात शाबूत असतं, फक्त भोवतीची जागा वाढलेली.

लाखी हे माझं आवडतं. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर आपटली, मग तिच्या एका बाजूला नीट ठसा आणि दुसऱ्या बाजूला त्याच ठशाची उलटी, खोल गेलेली आरशातली प्रतिमा. दोन्हीकडे सिंह, एकीकडे वर आलेला आणि एकीकडे आत गेलेला. लाखी जुन्या राजवटींच्या नाण्यातपण मिळतात, अगदी हाताने हातोडा मारायचे तेव्हाच्या. आता याची नक्कल म्हणजे दोन नाणी वाईसमध्ये एकमेकांवर दाबायची, उलटा ठसा उमटतो. पण त्या उलट्या ठशाखाली मूळचं डिझाईन दबलेलं राहतंच, आणि दुसरी बाजू चपटी झालेली असते. खऱ्या लाखीत उलट्या ठशाखाली दुसरं काहीच नसतं कारण तिथे चकती कोरी होती. फोर्टच्या फुटपाथवर वाईसवाली लाखी मला खरी म्हणून दाखवलेली आहे, दाखवणाऱ्यालापण बहुतेक माहीत होतं.

डबल अक्षरांबद्दल एवढंच, ९९ टक्के वेळा ते दणका बसताना डाय थरथरल्याने झालेलं असतं, अक्षराला एक चपटी पायरी दिसते, त्याची किंमत शून्य. खऱ्या डबल डायमध्ये खोदाईच दोनदा झालेली असते म्हणून दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार आणि कोपऱ्यात फाटा फुटलेला दिसतो. अमेरिकेत १९५५ च्या एका सेंटची अशी डबल अक्षरं इतकी ठळक आहेत की नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि त्या नाण्याला आजही मोठी किंमत आहे. पण ती किंमत चुकीला नाही रे, त्या नाण्यासाठी तिकडच्या अल्बममध्ये खास जागा ठेवलेली असते म्हणून आहे, हजारो लोकांना ते एकच नाणं हवंय. आपल्याकडे एरर जमवणारे थोडे आणि प्रत्येकाची आवड वेगळी, त्यामुळे तिकडची किंमत रुपयात करून आपल्या नाण्याला लावता येत नाही. व्हिडिओत नेमकं तेच करतात.

सालाखालच्या खुणेबद्दल कायम विचारणा असते म्हणून तेपण. काही नसेल तर कोलकाता, पत्त्यातल्या चौकटसारखा डायमंड असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. ही टाकसाळीची सही आहे, एरर नाही. डायमंडवालं नाणं लाखाला असा एक व्हिडिओ फिरतो, अरे मुंबईची टाकसाळ फोर्टात, इथून तासाभरावर, आपल्या गल्ल्यात डायमंड नाही तर काय सापडणार? परदेशात बनवून आणलेल्यांवर वेगळ्या खुणा आहेत, ८५ च्या रुपयावर एच असेल तर बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचं, नंतरच्या काही नाण्यांवर एम के जोडाक्षर असेल तर स्लोव्हाकियाचं. गंमत म्हणून ठेव. वैष्णोदेवीचं पाच-दहाचं २०१२ चं नाणं, ट्रॅक्टरची पाचची नोट, ७८६ ची नोट, यांच्या किमतीच्या कहाण्यापण अशाच, यात एरर कुठेच नाही.

चिल्लर आणायची कुठून? तुझा गल्ला आहेच, पण हाताळून हाताळून झिजलेल्या नाण्यात एरर सापडलं तरी त्याचा दर्जा गेलेला असतो. बँकेत नवीन नाण्यांची शंभर-शंभरची पाकिटं मागायची, कॅशियरशी ओळख ठेवायची, नवीन मालात एरर अजून कोणी उचललेलं नसतं आणि कोणी ठोकलेलंपण नसतं. वाशीच्या मार्केटात आणि जांभळी नाक्यावर सुट्ट्यांचा व्यवहार मोठा आहे. आधी टोलनाक्यावरची चिल्लरपण चांगली मिळायची, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोलच गेला आणि त्याच्या आधी फास्टॅगने निम्मं काम केलंच होतं. यूपीआयने तर भाजीवालापण पाच रुपये स्कॅन करून घेतो. त्यामुळे दुकानाचा गल्ला हातात असणं हे आता खरंच नशीब आहे, बाबांना सांग सुट्टे बँकेत भरायच्या आधी एक रात्र तुझ्याकडे द्यायचे. एक लक्षात ठेव, नाणी भरून साठवलीस आणि पुढे एकदम कोणाला द्यायला गेलास तर एका व्यवहारात रुपया आणि त्याच्या वरच्या नाण्यांचे हजार रुपयेच कायद्याने घ्यावे लागतात, बाकी समोरच्याची मर्जी.

सापडलं की धुवू नको. चिंच नाही, राख नाही, पितांबरी देवाच्या भांड्यांसाठी राहू दे. चकाकी आणायला गेलास की वरचा मूळ पृष्ठभाग जातो आणि जाणकार एका नजरेत धुतलेलं म्हणून अर्ध्यावर आणतो. चिकट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवून टिपून घे, पुसायचं नाही. पुठ्ठ्याच्या खिडकीवाल्या फ्लिपमध्ये ठेव, वर साल, वजन आणि एररचं नाव लिही, मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवलंस तर काही वर्षांनी हिरवा चिकटा धरतो. आपली खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

आता विकायचं. किमतीसाठी कोणी मागितलेली रक्कम बघू नको, झालेला सौदा बघ. ऑनलाईन पाच लाख मागणाऱ्याला कोणी अडवलेलं नाही, मागायला काय जातं. टोडीवाला, ओसवाल यांच्यासारख्या मुंबईच्या लिलावांचे जुने निकाल नेटवर असतात, त्यात तुझ्यासारखं एरर कितीला गेलं ते शोध, साल आणि दर्जा जुळवून बघ. लिलावात घेणाऱ्याला वर कमिशन आणि टॅक्स असतो, तुलाही कमिशन कापून मिळतं. डीलर साधारण निम्म्याने घेईल आणि त्यात त्याला नावं ठेवू नको, त्याला ते नाणं वर्षभर सांभाळायचं असतं. छोटी नाणी प्रदर्शनात, मुंबईत दरवर्षी नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे जमवणाऱ्याला थेट दिली की दोघांचं भलं. अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसीकडून डबीत बंद करून सर्टिफिकेट आणायचं काहीजण सुचवतील, तीनशेच्या नाण्याला त्याची फी परवडत नाही, पाच आकडी नाणं असेल तरच तो विचार.

आणि विकायला निघालास की फोन येणार, हे लिहून ठेव. तुमचं नाणं आम्ही चार लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे एवढे भरा, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं एनओसी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, कसलं कमिशन मागत नाही आणि कोणाला तसं मागायचा अधिकार दिलेला नाही. नाणं घेणारा तुला पैसे देतो, तू त्याला नाही. एवढं सरळ असून आमच्या सोसायटीतले एक रिटायर्ड गृहस्थ तीन हप्ते भरून बसले, कारण फोनवरचा माणूस फार अदबीने बोलत होता म्हणे.

एरर नाणं जवळ ठेवणं किंवा विकणं यात बेकायदा काही नाही, ते चलनातूनच आलेलं आहे. मात्र नाणं वितळवणं किंवा मोडणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे घरी एरर बनवायचे प्रयोग नकोत, घरात कोणाला वाईस वापरता येत असला तरी.

तर आत्ता एवढं कर. दहाची रिंग सोडून दे. दोनच्या नाण्याचं वजन करून कळव, ते बरोबर निघालं तर फ्लिपमध्ये घालून पहिलं नाणं म्हणून ठेव, पन्नास रुपयांसाठी विकण्यापेक्षा शिकायला बरं. पाचच्या नाण्याचं साल, खालची खूण आणि कोनमापकाने मोजलेला कोन, आणि दोन फोटो, एक सिंहाचा, एक नाणं पानासारखं फिरवून काढलेला, नाणं टेबलावर सपाट ठेवून वरून काढ, हातात धरून नको. आणि त्या दिवशीचा उरलेला गल्ला अजून बँकेत भरला नसेल तर त्यातली सगळी पिवळी पाचची, त्याच सालाची, एकदा फिरवून बघ. सैल डायची नाणी एकाच पोत्यात पडतात, पोतं फोडलं की आसपासच्या दुकानांत वाटली जातात, एक मिळालं तिथे दुसरं असायची शक्यता बरीच असते.